एक्केचाळीस पत्ते

माझं नाव कचरू. माझ्याआधीची दोन पोरं दगावली, म्हणून आईने मुद्दाम हे नाव ठेवलं. यमालाही किळस यावी. पुढे छत्तीस वर्षं टपाल खात्यात पत्रं लावली, त्यामुळे पत्ता या गोष्टीवर माझा आंधळा विश्वास. तोच नडला.

माझी बायको राधा गाणी रचायची. बारशाची, लग्नाची, जयंतीची. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून मी ती कॅसेटींवर भरून घेतली. एक्केचाळीस गाणी. ती गेली तेव्हा घरात तिचा आवाज उरला तो तेवढाच.

मुलगा अभय खराडीला मोठ्या कंपनीत आहे. आई होती तोवर त्याला महिन्यातून एकदा यायला फुरसत नव्हती. ती गेल्यावर मात्र सगळी गाणी कॉम्प्युटरवर उतरवली आणि एक डेटाबेस बनवून दिला. येरवड्याच्या आमच्या घरात बसून रकाने मीच भरले: गाणं, साल, कुणाच्या घरी म्हटलं. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवला. राधाबद्दल मी काय शेरा मारणार? प्रत्येक नोंदीपुढे एक बटण होतं. अभयने एक दाबून दाखवलं आणि राधा गायला लागली.

"बाबा, सगळं आत आहे. तो कॅसेटींचा कचरा आता कशाला सांभाळता?" अभय म्हणाला.

मीही लगेच खोका उचलला आणि स्वतःच्या हाताने भंगारवाल्याला दिला.

दिवाळीला अभयने लॅपटॉप आणला. डेटाबेस त्यात घातला आणि जुना कॉम्प्युटर पुसून एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. मी रोज लॅपटॉपवर यादी वाचायचो, पण बटण दाबायचा धीर होत नव्हता. तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळ्यांबरोबर ऐकू, असं ठरवलं होतं.

त्या रविवारी नातेवाईक जमले. त्रिसरण-पंचशील झालं. मी म्हणालो, "आता राधाचं ऐका." अभयने बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'फाइल नॉट फाउंड'. दुसऱ्यालाही तेच. तो शेवटपर्यंत दाबत गेला. पाहुणे आपापल्या पायांकडे बघत बसले होते.

"बाबा, गाणी डेटाबेसमध्ये नव्हतीच," तो हळूच म्हणाला. "त्यात फक्त पाथ होता. म्हणजे, गाणं कुठे ठेवलंय त्याचा पत्ता. गाणी जुन्या मशीनवर राहिली. आत भरली तर फाइल जड होते, म्हणून मी..."

"आईचा आवाज जड झाला होय रे तुला?"

"सॉरी, बाबा. बॅकअप घेतला होता, पण डेटाबेसचाच."

"वा! पत्ता जपलास आणि पत्र फेकून दिलंस. आमच्या खात्यात असतास तर पहिल्या दिवशी घरी बसवला असता."

तोंड सुटलं होतं. पण खोका मी दिला होता, हे मला ठाऊक होतं. सगळ्यात जास्त राग माझा मलाच येत होता.

पाहुणे गेल्यावर मी लॅपटॉप पुढ्यात ओढला. माणूस सापडला नाही की पाकिटावर आम्ही जे लिहायचो, तेच पहिल्या नोंदीच्या शेऱ्यात लिहिलं: 'या पत्त्यावर मिळून आली नाही.' मग दुसऱ्या नोंदीत लिहिलं. मग तिसऱ्या.

अभय दाराशी उभा राहून बघत होता.

"अशी पत्रं आम्ही पाठवणाऱ्याला परत करायचो," मी त्याला म्हणालो. "ही कुणाला करू रे?"