पिवळा पडलेला डावा दिवा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा डावा दिवा आहे. उजवीकडे माझा जुळा भाऊ आहे, पण तो पडला अबोल. म्हणून आमची कहाणी मलाच सांगावी लागते.

आमचा जन्म कारखान्यातला. सगळे मला काच म्हणतात, पण खरं तर माझं तोंड पारदर्शक प्लास्टिकचं. उन्हाने ते खराब होऊ नये म्हणून त्यावर एक पातळ थर दिला होता. मी इतका लखलखीत होतो, की शोरूममधला विक्रेता माझ्यात बघून भांग नीट करायचा. गर्व होता मला त्याचा. आता तो उरला नाही.

आमची गाडी एका शिंप्याने घेतली. घरात त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. घरात आई आणि त्यांची नोकरी करणारी लेक, ताई. आईची थोरली बहीण, म्हणजे ताईची मावशी, टेकडीपलीकडे राहायची. ती अंथरुणाला खिळली होती. दर आठवड्याला दुकान बंद केलं की बाबा आईला तिच्याकडे न्यायचे. बहिणी तासभर बोलायच्या, भांडायच्या, पुन्हा बोलायच्या. परतताना आई म्हणायची, "आज जरा हसली हो ती." ते ऐकलं की जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटायचं. त्या वळणावळणांच्या रस्त्यावर वाट मीच दाखवत होतो ना!

गाडी अंगणात उघड्यावर उभी असायची. वर्षानुवर्षांच्या उन्हाने माझ्यावरचा थर गेला. मी आधी धुरकट झालो, मग पिवळा. हे इतकं हळूहळू झालं की माझ्याही लक्षात आलं नाही. मला वाटायचं, हल्ली संध्याकाळच जास्त काळोखी व्हायला लागलीय. बाबा रविवारी गाडी धुवायचे, आरसे चकचकीत करायचे. आमच्यावर नुसता ओला फडका फिरायचा. गाडी चालवायला बसल्यावर तर आम्ही दिसतच नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे तो दिव्यातच होता.

एकदा गाडीतून उतरताना बाबा म्हणाले, "दिवे मंद झालेत की काय, कोण जाणे. रस्ताच नीट दिसत नाही."

ताई दारातून हसली. "बाबा, नाचता येईना, अंगण वाकडं! चष्मा बदला आधी."

बाबाही हसले. मीसुद्धा हसलो, आणि त्याचीच आज मला सगळ्यात जास्त खंत वाटते.

चष्मा बदलला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत. बाबांना वाटलं, आपलं मन राखतायत. सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवणारा तो माणूस स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेऊ लागला. मग एका संध्याकाळी मावशीकडून येताना वळणावर गाडी कठड्याला घासली. कुणाला खरचटलंही नाही, पण घरी येताच बाबांनी किल्ली ताईच्या हातावर ठेवली.

"आता नको गं. तुझ्या आईच्या जिवाशी खेळ नको."

"अहो, दिवसा तरी चालवा," आई म्हणाली.

"ज्याला संध्याकाळी दिसत नाही, त्याचा दिवसा तरी काय भरवसा?"

टेकडीपलीकडे बस जात नव्हती. ताई म्हणायची, "रविवारी नेते." पण रविवारीही तिला काही ना काही काम निघायचं. बहिणींच्या गप्पा फोनवर आल्या. अंगणात मला आईचा आवाज ऐकू यायचा, "येते गं, लवकरच येते." मावशी गेली तेव्हाही ते येणं राहिलंच होतं.

पुढे गाडी विकायचं ठरलं. जरा उजळ दिसावी म्हणून ताईने गॅरेजवाल्याला घरी बोलावलं. त्याने आमच्या कडेने चिकटपट्टी लावली आणि पाणी मारत आधी खरखरीत, मग मऊ पॉलिशपेपरने घासायला सुरुवात केली. पिवळं पाणी ओघळू लागलं. दुखलं थोडं, पण बरंही वाटलं. पॉलिश झालं, उन्हापासून जपणारा नवा थर चढला. अंधारून आल्यावर तो म्हणाला, "काका, आत बसा आणि दिवे लावून बघा."

बाबांनी बटण फिरवलं. समोरची गल्ली टोकापर्यंत उजळली. टोकाचं फाटक दिसलं, त्याच्या सळ्या दिसल्या, त्यावर बसलेलं मांजरही दिसलं. ताईला सगळं उमगलं. ती खाली मान घालून उभी राहिली. बाबा मात्र आनंदाच्या भरात काच खाली करून ओरडले, "अगं, बस लवकर! जाऊन येऊ!"

आई दाराशीच थांबली. "कुणाकडे?" ती म्हणाली.

बाबांनी दिवे बंद केले.

मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तरी विनवतो. गाडी धुताना पुढे येऊन आमच्या तोंडाकडेही बघत जा. उन्हात उभ्या गाडीवर आच्छादन घाला. आणि कुणी "दिसत नाही" म्हणालं, तर त्याला हसण्याआधी एकदा दिवे तपासा. माझा उजेड आता टेकडीपलीकडेही सहज पोचेल, पण तिथल्या घराला कुलूप आहे.