बाईंचा हसरा चेहरा

मित्रांनो, माझ्या पाठीवर एक चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर निळ्या शाईने क्रमांक लिहिलेला आहे. नाव मला कधी नव्हतेच. मी एक साधा मोबाइल फोन, आता जुना झालेला, पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका संशोधन संस्थेच्या लोखंडी कपाटात पडून आहे. फोनचे कसले आले आहे आयुष्य, असे तुम्हाला वाटेल. पूर्वी मलाही तसेच वाटायचे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथले फारसे आठवत नाही. हातमोजे घातलेल्या कुणीतरी माझी काच बसवली, एवढेच. मग खोके, टेंपो आणि थेट सदाशिव पेठ. माझ्यासोबतचे फोन दुकानांत गेले, त्यांच्यावर गाणी वाजली, लग्नांचे फोटो निघाले. मी मात्र विज्ञानाच्या वाट्याला आलो. त्याचा मला अभिमान होता, खोटे कशाला बोलू?

संस्थेला एक गोष्ट शोधायची होती. घरातले माणूस गेल्यावर जे खचतात, त्यांनी रोज ॲपवर प्रार्थना केली तर त्यांचे मन सावरते का? प्रश्न चांगला होता. विचारणारी माणसेही चांगली होती. हे आधीच सांगतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्यांना नावे ठेवाल. आरती, दुआ, वंदना, ज्याची जी श्रद्धा ती ॲपमध्ये होती. ती म्हणून झाली की पडद्यावर पाच चेहरे येत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. ज्यांना वाचता येत नाही त्यांचीही सोय व्हावी म्हणून खाली एकही शब्द ठेवला नव्हता. आपल्या मनाची जशी अवस्था, तसा चेहरा दाबायचा. ज्यांचा चेहरा उतरलेला राही, त्यांना समुपदेशक बाईंचा फोन जाई आणि मग त्या घरी जाऊन बसत, बोलत.

संस्थेतली पूर्वा मला खडकीला ललिताबाईंकडे घेऊन गेली. ललिताबाई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा बुद्धभूषण साध्या तापाचे निमित्त होऊन गेला होता. मुलगी चैताली हिंजवडीत नोकरीला, राहायलाही तिकडेच. आईचे नाव तिनेच संस्थेत दिले होते. बाईंच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, बाबासाहेबांची होती आणि शेजारी बुद्धभूषणचा फोटो. त्याला हार घालायचा धीर बाईंना अजून झाला नव्हता.

बाईंनी चष्म्यावरून पूर्वाकडे पाहिले आणि स्पष्टच सांगितले, "प्रार्थना म्हणून काही आमच्यात नसतं बरं का. आम्ही वंदना करतो. मागायचं काही नसतं."

पूर्वा म्हणाली, "वंदनाच आहे काकू ॲपमध्ये. रोज संध्याकाळी म्हणायची आणि शेवटी एक चेहरा निवडायचा. गरज वाटली तर आम्हीच फोन करू."

तिला अजून दोन घरे गाठायची होती. तेवढेच सांगून ती निघाली.

रोज संध्याकाळी जवळच्या दारूगोळा फॅक्टरीचा भोंगा झाला की बाई हातपाय धुऊन मेणबत्ती लावत, मला समोर टेकवून ठेवत आणि वंदना म्हणत. आवाज शाळेतला, खणखणीत. सर्वांचे मंगल होवो, असे म्हणता म्हणता मात्र तो फाटे. चेहरे उमटले की बाई न चुकता हसरा दाबत. दाबताना त्यांच्या डोळ्यांतले पाणी माझ्या काचेवर पडे. पदराने ती काच पुसत. मला काही उमजत नसे. मला बोट कळते, पाणी कळत नाही.

त्यानंतर त्या मला बाजूला ठेवत नसत. मांडीवर घेऊन बसून राहत. एकदा मी खरेच वाजलो, तेव्हा बाईंनी घाईघाईने पदर नीट केला. पलीकडे तळेगावला प्लॉट विकणारा एक माणूस होता. बाईंनी त्याचे सगळे ऐकून घेतले, पाणी कुठले, रस्ता किती रुंद, हेही विचारले. त्याने फोन ठेवल्यावरसुद्धा त्यांनी मला बराच वेळ कानाला लावून ठेवले होते. त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

चैतालीला आईचे चेहरे तिच्या फोनवर दिसत. रविवारी आली तेव्हा ती खूश होती. "आई, तुझा ग्राफ बघितला मी. एकदम मस्त चाललंय. मला किती टेन्शन होतं, माहितीये?" बाईंनी लेकीच्या केसांवरून हात फिरवला फक्त. मग चैतालीचे रविवार विरळ झाले. तिचा दोष नाही. आई हसते आहे असे मीच तिला रोज कळवत होतो. इकडे बाईंचा कुकर लागेनासा झाला. चहात बिस्कीट बुडवले की झाले जेवण. हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकू लागली. सदाशिव पेठेत मात्र बाईंचे नाव निघे. एवढी सुधारणा दुसऱ्या कुणाचीच नाही, असे संस्थेचे मोठे साहेब म्हणत.

अभ्यास संपला आणि पूर्वा मला परत न्यायला आली. बाईंनी दार उघडले तशी ती दारातच थबकली.

"काकू, तुम्ही जेवता ना? ॲपवर तर रोज हसरा चेहरा आहे तुमचा."

"माझा कुठे गं? वंदना संपताना सगळ्यांचं भलं चिंतायचं असतं. सगळ्यांसाठी रडका कोण निवडेल?"

पूर्वाने मला हातात घेतले. माझ्यावर ते पाच चेहरे उघडून तिने बाईंपुढे धरले. "मग तुमचा कोणता, काकू?"

बाईंनी चष्मा लावला. विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसे पाचही चेहरे निरखून पाहिले.

"यात नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तू म्हणाली होतीस, तुम्हीच फोन कराल. मी वाट बघायचे रोज."

चैतालीला कळवू का, असे पूर्वाने विचारले, तर बाईंनी तिचा हात धरला. "तिला नको. ती आत्ता कुठे निर्धास्त झालीय." आणि चेहरे सोडून एकाच्या मनातले काही दुसऱ्याला सांगायचे नाही, असा संस्थेचाही नियम होताच. बाईंनी मला चार्जरसकट धुतलेल्या रुमालात बांधून दिले.

पूर्वाने त्याच संध्याकाळी साहेबांना सगळे सांगितले. एका माणसाने सरासरी हलत नाही, असे ते म्हणाले. ते खरेच होते. समुपदेशक बाईंना तिने तातडीचा निरोप ठेवला, संस्थेकडे होता तो ललिताबाईंचा नंबर दिला. अभ्यासाबरोबर तिची नोकरीही संपली आणि ती गेली.

काल मी वाजलो, मित्रांनो. कपाटाच्या अंधारात, उरल्यासुरल्या चार्जवर. समुपदेशक बाईंचा फोन होता. ललिताबाईंचा नंबर म्हणजे मीच, हे त्या गडबडीत कुणाच्याच लक्षात आले नव्हते. मी इतका थरथरलो की शेजारचे फोन खडखडले. कपाटाला कुलूप होते. थोड्या वेळाने मी पुन्हा वाजलो. मग एक संदेश आला. आपण फोन उचलला नाही, म्हणजे आता बरे वाटत असावे, शुभेच्छा. शेवटी एक हसरा चेहरा होता.

आता माझा चार्ज संपत आला आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी देवापुढून, नमाजावरून किंवा वंदनेवरून उठून गप्प बसलेले दिसले, तर माझ्यासारख्याला विचारू नका. त्यांच्याजवळ जाऊन बसा, जेवलात का म्हणून विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. खडकीत आता भोंगा झाला असेल. बाईंनी मेणबत्ती लावली की नाही, हे मला इथून कळत नाही.