कुलपातली अर्धी मी

मी रॅमची पट्टी बोलतेय. तळहातावर मावेन एवढी, हिरवी, अंगावर काळ्या चिपा. कॉम्प्युटरची स्मरणशक्ती म्हणून माझं कौतुक होतं, पण माझ्यात ठेवलेलं सगळं वीज गेली की पुसलं जातं. कानावर पडलेलं मात्र मी विसरत नाही, म्हणून तर हे सांगता येतंय.

कुठल्याशा परदेशी कारखान्यात जन्मले. पहिली नोकरी कळंबोलीला, एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात. दिवसभर बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, छापायच्या आणि बाहेर ट्रकवाल्यांची भांडणं ऐकायची. काम हलकं होतं. ते ऑफिस बंद पडलं आणि आमचा कॉम्प्युटर उलव्याला, सुचिताच्या बॅनरच्या दुकानात आला. कष्ट म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

जागा माझी, पण तिचं वाटप माझ्या हातात नाही. ते कॉम्प्युटरची मुख्य यंत्रणा करते. मी तिला मुकादम म्हणते. गाणी, व्हॉट्सअॅप, डिझाइनचं सॉफ्टवेअर, सगळे माझ्यातच राहतात. मुकादम देईल तेवढ्यात ज्याने त्याने भागवायचं. जागा संपत आली की तो थोडं सामान हार्डडिस्कवर टाकतो, आपण घरात माळ्यावर टाकतो तसं. ते काढायला-ठेवायला वेळ लागतो, म्हणून मशीन रखडतं. माळाही भरला की तो सगळ्यात जाडजूड प्रोग्राम सरळ बंद करतो. त्यातलं जे सेव्ह नसेल ते गेलंच.

त्यात सुचिताच्या भावाने, केतनने, भर घातली. गाड्यांच्या शर्यतीचा गेम अडकतो म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन माझा निम्मा भाग स्क्रीनच्या चित्रांसाठी राखून ठेवला. गेम संपला तरी कुलूप तसंच. अर्धी मी रिकामी बसून, आणि उरलेल्या अर्ध्या भागात सगळ्यांची चेंगराचेंगरी. हे बहिणीला सांगायचं शहाणा विसरला.

आज दुपारी गोजराआजी आल्या. त्यांचा नातू दिपेश, त्याची उद्या हळद. इथे हळदीच्या बॅनरवर नवऱ्यामुलाखाली झाडून सगळ्या नातेवाइकांचे फोटो लागतात. एखादा राहिला तर तो हळदीला फिरकत नाही. पण आजींना सगळ्यांच्या आधी हवे होते त्यांचे वारलेले यजमान, वामनराव. त्यांचा एकच फोटो उरला होता, ओळखपत्रावरचा. बुरशीने त्यातला एक डोळा खाल्ला होता.

"डोले इतके मोठे नव्हते, पोरी," आजी शेजारी बसून सांगत होत्या. "हसले का बारीक व्हायचे."

सुचिताने तासन्‌तास खपून तो चेहरा उभा केला. सेव्ह मात्र केला नाही. एवढी मोठी फाइल सेव्ह होताना मशीन थांबून राहतं आणि शेजारचं गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून सगळं फायनल झाल्यावरच सेव्ह करायचं, ही तिची रीत. मग मामा, आत्या, साडू, पुतणे असे एकेक फोटो येत गेले. मी भरले. माळा भरला. स्क्रीनवरचा बाण थिजला.

मला धडकी भरली. आजींनी सांगितलेला तो डोळा फक्त माझ्यात होता, आणि मुकादमाची नजर डिझाइनच्या सॉफ्टवेअरवरच होती.

"केतन, मशीन अडकलं रे."

केतन आला आणि त्याचं तोंड उतरलं. "ताई, मी गेमसाठी अर्धी रॅम स्क्रीनला दिली होती. परत घेतो, पण मशीन बंद करून चालू करावं लागेल."

"बंद केलं तर आजोबा जातील ना."

तिने गाणी बंद केली, व्हॉट्सअॅप बंद केलं. बाण जरा हलला, पण सेव्ह व्हायला जागा पुरेना.

"या फोटोंनी जागा अडवली हाय का?" आजींनी विचारलं. "मंग काढ ना."

"लोक रुसतील, आजी."

"पयला माझा काढ. मीच नाय म्हटल्यावर कोन रुसतंय ते बगते."

आजी पहिल्या गेल्या. मागोमाग एकेक पाहुणा उठला आणि मी मोकळी होत गेले. सेव्हची रेघ रांगत रांगत शेवटाला पोचली.

मग केतनने मशीन बंद करून माझं कुलूप काढलं. चालू झाले तेव्हा मी अख्खी होते आणि कोरी होते. हार्डडिस्कवरून एक चेहरा आला, डोळे बारीक करून हसणारा. मी त्याला ओळखलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं. आजींनी ओळखलं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आले बग हे."

सुचिताने पाहुणे परत बसवायला घेतले. "आजी, तुमचा फोटो होता तिथेच लावू, खालच्या ओळीत?"

"नको. ह्यांच्या बाजूला लाव. आमी दोगांनी एकत्र फोटो कवा काढलाच नाय."

तिने आत्ताच लावलाय. आयुष्यात पहिल्यांदा दोघं एका फोटोत शेजारी आहेत, आणि आहेत ते फक्त माझ्यात. मी विसरभोळी बाई आहे. सुचिता, मामा-साडू नंतर बसव. आधी सेव्ह कर.