चिठ्ठीची मागची बाजू

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गायला आलेलो नाही. मूठ झिजली, रबर कडक झालं, पण ताठा अजून शाबूत आहे. माझ्यामुळे चांगली माणसं खोटी ठरली, असा माझ्यावर आळ आहे. तो मला मान्य नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. माझ्या भावंडांच्या तोंडावर शब्द होते. एकावर ‘पोचले’, एकावर ‘नक्कल’, थोरल्यावर ‘रद्द’. माझ्या तोंडावर नुसती एक चांदणी. शिक्केवाल्याने गिऱ्हाइकाला विचारलंसुद्धा, “मुलांच्या वहीवर मारायला का, सर?”

“नाही,” सर म्हणाले. “कोणी बोलत नाही अशा वाक्यांवर मारायला.”

तुम्हाला वहीत चांदणी मिळाली की तुम्ही ती घरभर मिरवता. माझ्या चांदणीची तऱ्हा उलटी. ती ज्या वाक्यापुढे बसली, ते वाक्य भाषेबाहेर गेलंच म्हणून समजा.

सर विद्यापीठात व्याकरण शिकवत. त्यांच्या खोलीत छोट्या छोट्या कप्प्यांचं एक लाकडी कपाट होतं. बसणे, जाणे, हसणे, विसरणे, असा प्रत्येक क्रियापदाला स्वतंत्र कप्पा. कप्प्यात चिठ्ठ्या आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक वाक्य. भाषा कोणत्या नियमाने चालते, हे सर या चिठ्ठ्यांवरून ठरवत. त्यांची रीत ठरलेली होती. डोळे मिटायचे, कानाची पाळी चिमटीत धरायची आणि वाक्य तीनदा पुटपुटायचं. मग एकतर “बसतं” म्हणायचं, नाहीतर “असं कोणी बोलत नाही.” हे दुसरं म्हटलं की मी शाईच्या गादीवर, आणि तिथून चिठ्ठीवर. ठप्प!

तरुणपणी मला याचा भारी अभिमान होता. दूरदूरचे पाहुणे येत आणि म्हणत, “सरांचा कान म्हणजे सोनाराचा काटा.” मला वाटे, त्या काट्याचा मीच हात. पण चहाआधी न बसलेलं वाक्य चहानंतर आरामात बसायचं, हे मी डोळ्यांनी पाहत होतो. एकच वाक्य पुन्हा पुन्हा पुटपुटलं की कान गोंधळतो. तुम्ही करून बघा. मी हे वर्षानुवर्षं पाहिलं, पण शिक्क्याला विचारतंय कोण?

मग मुंगी आली. ही सरांची विद्यार्थिनी, आमच्याकडे प्रबंध लिहीत होती. दाणा दाणा वेचावा तशी वाक्यं वेचायची, म्हणून सरांनीच हे नाव ठेवलं होतं. बसच्या थांब्यावर, दवाखान्याच्या रांगेत, तिच्या मावशीच्या शिवणाच्या दुकानात, जे कानावर पडेल ते ती चिठ्ठीवर उतरवायची. मागच्या बाजूला कोण बोललं, कुठे, काय करताना, तेही लिहायची.

“अगं मुंगे, मागची बाजू कोरी ठेव,” सर हसायचे. “व्याकरणाला घरचा पत्ता नसतो.”

एके दिवशी तिने मावशीची चिठ्ठी पुढे ठेवली. ‘मला बटण लावायचं विसरलं.’ सरांनी कानाची पाळी धरली.

“असं कोणी बोलत नाही. ‘मी विसरले’ म्हणतात.”

“मावशी रोज बोलते, सर.”

“जीभ घसरते माणसाची. घसरलेली जीभ म्हणजे पुरावा नव्हे.”

“दोनशे बारा जणांमध्ये एकोणचाळीस जणांची घसरली?”

“आण बघू तुझ्या मावशीला.”

हातच्या कांकणाला आरसा कशाला? मावशी दुसऱ्याच दिवशी हजर. गळ्यात मापाची टेप, बाहीला चार टाचण्या, दुकान अर्ध्यात टाकून आलेली.

“तुम्ही खरंच असं बोलता?” सरांनी विचारलं.

“बोलते की. मुद्दाम थोडीच विसरते मी? आपोआप होतं ते, म्हणून तसं म्हणायचं.”

“पण बाई, असं कोणी बोलत नाही.”

मावशीने सरांकडे पाहिलं, मुंगीकडे पाहिलं. “मग मी कोण?”

सरांनी मला उचललं. मित्रांनो, त्या दिवशी मी अडून बसलो. गादीवर नीट टेकलोच नाही. पाचांपैकी दोनच टोकं उमटली. सरांनी अंगठ्याचा जोर देऊन मला पुन्हा दाबलं. दाबणारा हात त्यांचा आणि नाव माझं! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मावशीने ती जांभळी चांदणी पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. “हां, आता कसं! पटलं ना? शाळेत कधी मिळाली नाही हो मला चांदणी.”

मुंगीने मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग असा राग आला की काय सांगू.

मावशी गेल्यावर सर म्हणाले, “ती एकोणचाळीस वाक्यं प्रबंधातून काढलीस तर सही करतो. नाहीतर तुझी चार वर्षं पाण्यात जातील. आणि ही चिठ्ठी कप्प्यात लाव.”

“माझ्या मावशीलाच काढलं तर प्रबंधात उरलं काय, सर?” ती म्हणाली, पण चिठ्ठी लावायला उठली.

‘विसरणे’चा कप्पा गच्च भरलेला होता. जागा करायला तिने चिठ्ठ्या उपसल्या आणि तिचा हात थबकला. तिने दोन चिठ्ठ्या आणून टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर एकच वाक्य, ‘मला दार लावायचं विसरलं’, आणि दोन्हीकडे सरांचंच अक्षर. एक अलीकडची, तिच्यावर माझी चांदणी, मागची बाजू कोरी. दुसरी पिवळी पडलेली, मी जन्मण्याच्याही आधीची, चांदणी नसलेली. मुंगीने ती उलटी केली. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आई. भांडी घासताना.’

सरांनी ती वाचली. परत वाचली. कानाच्या पाळीकडे गेलेला हात अर्ध्यातून खाली आला.

“म्हणजे मी आईलाच...” ते म्हणाले. मुंगी उभीच राहिली. तिने एक शब्दही सुनावला नाही, हा तिचा मोठेपणा. मी असतो तर सोडलं नसतं.

मग सरांनी एक कोरी चिठ्ठी ओढली आणि तिच्यावर लिहिलं, ‘असं कोणी बोलत नाही.’ चिठ्ठी उलटून मागे लिहिलं, ‘मी. याच खोलीत, तीस वर्षं.’ ती पुन्हा सरळ केली आणि त्या वाक्यापुढे मला दाबलं. इतका स्वच्छ मी आयुष्यात उमटलो नव्हतो. पाचही टोकं!

प्रबंधावर सही झाली. एकोणचाळीसच्या एकोणचाळीस वाक्यं जागच्या जागी राहिली, आणि मावशीची चांदणी मुंगीने स्वतः खोडली. सरांनी स्वतःवर लिहिलेली ती चिठ्ठी आजही कपाटाला टाचलेली आहे. पुढे खोलीत संगणक आले, सर निवृत्त झाले, आणि मी खणात सुकलेल्या गादीशेजारी पडून आहे. कोणी विचारत नाही. न विचारो.

पण उद्या तुमच्यापैकी कोणी मोठं होऊन भाषेचे नियम लिहायला बसेल. माझ्यासारखा शिक्का त्याच्याही हाताशी असेलच. त्याने आधी चिठ्ठी उलटी करावी. मागे कोणाचं नाव असेल, तर त्या माणसाकडे जाऊन त्याचं ऐकावं. न ऐकता मला उचललंत, तर खुशाल दाबा, अंगठा मोडेस्तोवर दाबा. मी उमटणार नाही.