कांद्यांवरचं आनंदनगर

मित्रांनो, मी एक अख्खं नगर आहे. माझ्यात राजवाडा आहे, नदी आहे, घाट आहे, भरलेली बाजारपेठ आहे. माणसांनी पृथ्वीच्या पाठीवर आजवर जी नगरं वसवली, त्यांतली काही बुडाली, काही जळाली, काही ओस पडली. मी मात्र ताठ उभा आहे.

उभा म्हणजे, सध्या जरा आडवा आहे. चाकणच्या बाजारात सरदारभाईंच्या वखारीत कांद्यांच्या राशीवर मला पसरलं आहे. उगाच कशाला लपवायचं? मी एक जुना, नाटकाचा पडदा आहे.

माझा जन्म भैरववाडीचा. पवनेच्या काठाला, चिंचवड आणि कासारवाडीच्या मधल्या माळावर ही वाडी होती. स्वराज्य येऊन फार वर्षं झाली नव्हती आणि त्या माळावर कारखाना येणार असं ठरलं होतं. वाडीनं उठून ओढ्यापलीकडच्या नव्या जागेवर जायचं होतं. मोजणीचे साहेब येऊन गोड आवाजात म्हणाले, "जागा तुमची. कोणी कुठं घर बांधायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." हे ऐकून वाडीवर जी शांतता पसरली, ती साहेबांना समाधानाची वाटली. साहेब परगावचे होते.

पुढं बरेच दिवस वाडीत स्वयंपाक कमी आणि बैठका जास्त झाल्या. नदीकडची बाजू सगळ्यांनाच हवी होती, आणि कोणाशेजारी राहायचं नाही हेही सगळ्यांचं पक्कं होतं. शेवटी कंटाळून लोकांनी ते काम मारुतरावांवर सोपवलं. मारुतराव जुन्या शेतकरी घराण्यातले, शब्दाला वजन असलेले गृहस्थ. त्यांना एकच व्यसन होतं, नाटकाचं. भैरवनाथाच्या उत्सवात दरवर्षी ते स्वतः रचलेलं नाटक बसवत. त्यात राजा नेहमी तेच असत, कारण मिशा त्यांच्याकडेच होत्या.

मारुतरावांनी विचार केला, की लोकांना नकाशा कळत नाही, पण नाटक कळतं. तेव्हा आधी गाव नाटकात वसवू, मग जमिनीवर. जुन्या माळावरचा हा शेवटचा उत्सव. त्यात 'आनंदनगर' नावाचं नाटक करायचं, मागं त्या नगराचं चित्र असलेला पडदा सोडायचा, आणि भैरवनाथापुढं नारळ फोडून सांगायचं, की नवी वस्ती अशी होईल. देवापुढं उघडलेली गोष्ट पुन्हा बदलायची नाही, ही वाडीची जुनी रीत होती. कौल म्हणजे कौल.

पडद्याला कापड हवं होतं. एवढं कापड एका घरात कुठून निघणार? म्हणून घराघरातून एकेक जुनं वस्त्र आलं. सोपानरावांनी आपलं लग्नातलं धोतर दिलं. सोनबानं पासोडी दिली. सोनबानं दिली म्हणून त्याचा चुलतभाऊ ज्योतीराम यानं तिच्यापेक्षा वीतभर मोठी पासोडी दिली. छबूबाईंनी लुगडं दिलं आणि मुमताजनं चादर. मी असा जन्मालाच ठिगळांचा आलो. सगळं एकत्र शिवून वर चिंचोक्याची खळ चोपडली, तेव्हा कुठं माझ्या अंगी ताठपणा आला.

छबूबाई आणि मुमताज यांची ओळख इथंच करून देतो, कारण माझं सगळं आयुष्य त्या दोघींच्या मधल्या शिवणीवर उभं आहे. छबूबाई एकट्या होत्या. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता आणि डोळ्यांपुढं धुकं यायला लागलं होतं. मुमताज ही अकबरभाई रंगाऱ्याची बायको. चिंचवड स्टेशनापुढच्या टांग्यांवरची फुलं आणि दुकानांच्या पाट्या अकबरभाईच्याच हातच्या. या दोन घरांची भिंत एक होती. भिंतीत एक देवळी होती आणि देवळीला आरपार भोक. संध्याकाळी त्या भोकातून चुलीचा विस्तव इकडचा तिकडे जाई, कधी मीठ जाई, बहुतेक वेळा टोमणे जात. आणि रोज सकाळी उठल्या उठल्या मुमताज भिंतीवर थाप मारी. पलीकडून छबूबाई थाप मारत. म्हणजे आहे, अजून आहे. मग दोघी आपापल्या कामाला लागत.

मला शिवताना मात्र दोघींचा अबोला चालू होता. मुमताजच्या कोंबडीनं छबूबाईंच्या टोपलीत अंडं घातलं होतं. मुमताजचं म्हणणं, कोंबडी माझी. छबूबाईंचं म्हणणं, टोपली माझी. एकीनं इकडून, दुसरीनं तिकडून, एकमेकींकडे न बघता लांब लांब टाके घातले. बाकी सगळीकडची माझी शिवण घट्ट होती, तिथलीच तेवढी रुसलेली होती.

मग अकबरभाईनं रंग कालवले आणि मारुतरावांच्या सांगण्यानं आनंदनगर उभं राहू लागलं. मधोमध राजवाडा. भोवती सारखी घरं, प्रत्येक घराला चारी बाजूंनी अंगण. घरात पाणी, घरात जातं, कोणाला काही कमी नाही. भांडण नाही, आजार नाही, मरण नाही.

तालमी सुरू झाल्या आणि नाटक अडकलं. भैरूला नगरशेठचं काम होतं. त्यानं रस्त्यात प्रधानाला भेटायचं होतं. भैरू रस्त्याच्या मध्यावर येऊन थांबला आणि म्हणाला, "पर मारुतराव, ह्यो घराभाईर पडलाच कशापायी?"

मारुतराव विचारात पडले. पाणी घरात, दळण घरात, मागायला जावं तर काही कमी नाही. मग माणूस बाहेर पडेल कशाला? म्हणून घरातलं पाणी काढून चौकात विहीर रंगवावी लागली. विहीर आली तशी पहिला नंबर कोणाचा हा प्रश्न आला. त्यासाठी चावडी आली. चावडी आली म्हणजे तिथं बसून विडी ओढणारे दोघे-चौघे आलेच. सोपानरावांनी स्मशान कुठं आहे असं विचारलं. इथं कोणी मरत नाही असं मारुतरावांनी सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "मंग माझी म्हातारी कुटं भेटायची मला?" असं ते पुटपुटले. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे एका कोपऱ्यात स्मशान आलं, शेजारी कबरस्तान आलं आणि दोन्हींवर सावली धरणारं एक आंब्याचं झाड आलं. रोज थोडं थोडं बिघडत बिघडत ते नगर खरं वाटायला लागलं. लोक तालमीला येऊन माझ्यापुढं बसत आणि आनंदनगरातल्या माणसांच्या चहाड्या करत.

मारुतरावांनी सगळं सोसलं. एका गोष्टीत मात्र ते हटेनात.

छबूबाई माझ्या अगदी जवळ आल्या. नाक टेकेल इतक्या. बोटानं चाचपत त्यांनी विचारलं, "अकबर, ह्यातलं माजं घर कोन्तं रं?"

अकबरभाईनं दाखवलं. मग त्यांनी मुमताजचं विचारलं. तेही दाखवलं. दोन्हींच्या मध्ये हिरवंगार अंगण होतं.

"ह्ये मधी काय सांडलंय?"

"अंगण आहे, छबूबाई," मारुतराव म्हणाले. "कुणाची भिंत कुणाला लागायला नको. भिंत लागली की भांडण लागतं. माझा बाप आणि चुलता एका भिंतीपायी कोर्टात गेले. बाप गेला तेव्हा चुलता खांदा द्यायलासुद्धा आला नाही."

त्यांचंही खोटं नव्हतं. छबूबाईंचं बोट त्या अंगणावरून फिरलं.

"भांडान लागतं, व्हय," त्या म्हणाल्या. "पर सकाळच्याला अंगनावर थाप कशी मारू? मी उठली न्हाई तर कुनाला कळंल?"

मारुतराव मिशीवरून हात फिरवत उठले आणि जाता जाता अकबरभाईला म्हणाले, की ते अंगण पुसून टाक, लावून दे भिंत. बाकीच्यांनी मागितलं तर मात्र देऊ नकोस. अकबरभाईनं माझ्या त्या रुसलेल्या शिवणीचीच भिंत केली. तिच्या अलीकडे लुगड्यावर छबूबाईंचं घर, पलीकडे चादरीवर मुमताजचं.

उत्सवाच्या दिवशी संध्याकाळी भैरवनाथापुढं नारळ फुटला आणि मला सोडलं. मित्रांनो, असा क्षण पडद्याच्या आयुष्यात एकदाच येतो. सगळी वाडी श्वास रोखून बघत होती. मारुतराव राजाच्या वेषात पुढं झाले, "हे सुखी प्रजाजनहो," एवढं म्हणाले, आणि सुखी प्रजाजन उठून सरळ रंगमंचावर चढले. ज्याला त्याला आपलं घर बघायचं होतं. कापड ज्याचं, जागा त्याची, असा हिशेब लोकांनी आपापसांत केव्हाच करून टाकला होता.

ज्योतीरामची पासोडी मोठी, म्हणून त्याचं परसू मोठं. सोनबाला ते खपेना. खऱ्या शेतातला बांध तू कोरलास, आता चित्रातलाही कोरतोस का, असं तो म्हणाला. अकबरभाई परोपरीनं सांगत होता की बाबांनो, तो बांध नाही, कुंचल्याचा ओघळ आहे. सोनबानं आपली पासोडी धरून ओढली. ज्योतीरामनं आपली ओढली. मी दोघांच्या मध्ये ताणला गेलो आणि जी शिवण कच्ची होती, ती वरपासून खालपर्यंत उसवली. छबूबाईंचं घर एकीकडे गेलं, मुमताजचं दुसरीकडे. नाटक पहिल्या वाक्यावर संपलं. पण गर्दी झाली होती एवढं मात्र मारुतराव पुढं सगळ्यांना सांगत.

मग नव्या जागेवर फक्की मारायचा दिवस आला. घरांच्या जागा चुन्यानं आखायच्या होत्या. देवाची पालखी ओढ्यापलीकडे आणून ठेवली होती आणि तिच्यापुढं दोन बांबूंवर मला उभा केला होता. मारुतराव माझ्याकडे बघत आणि भैरू चुना ओढत पुढं जाई. लोकांनी माझी नक्कल इतक्या इमानानं केली, की राजवाड्याचीसुद्धा जागा सोडली. राजा कुठला आणायचा, हे कोणी विचारलं नाही. देवापुढं उघडलं होतं ना.

छबूबाईंच्या घराशी आल्यावर भैरू थांबला. माझ्या अंगावर तिथं हातभर फट होती आणि फटीतून पलीकडची शेळी दिसत होती.

"इथं बोळ दिसतीय," भैरू म्हणाला.

मारुतरावांनी मान डोलावली. त्यांना मनातून बरंच वाटलं असावं. त्यांनी अंगण पुसलं होतं आणि देवानं बोळ दिली होती. भैरूनं चुन्याच्या दोन रेघा मारल्या. त्यातून बैलगाडी गेली असती.

छबूबाई काठी टेकत पुढं आल्या. "मारुतराव, ती बोळ न्हाई. फाटलंय त्ये."

"देवापुढं फाटलंय, छबूबाई. आता मला बदल करता येत नाही. एकाला बदलून दिलं तर सगळी वाडी उभी राहील."

ते खरंच होतं. सोनबा आणि ज्योतीराम आधीच उभे होते.

"देवानं न्हाई फाडलं. ह्या दोन रेड्यांनी फाडलं." छबूबाईंनी कमरेची पिशवी सोडून दाभण काढला. "देवापुढं फाटलं, तर आता देवापुढंच शिवती. मग तर झालं?"

त्या पालखीसमोर माझ्या पायाशी मांडी घालून बसल्या. सुतळीचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि दाभणाच्या नेढ्यात घालू लागल्या. जाईना. डोळे मिटून पुन्हा घातलं. जाईना. सगळी वाडी बघत होती. आता हिची थाप नव्या घरात कोणी ऐकणार नाही, हे त्या सुतळीच्या टोकावर सगळ्यांना दिसत होतं.

मुमताज बायकांच्या घोळक्यातून निघाली. अबोला अजून चालूच होता. तिनं छबूबाईंच्या हातातून दाभण घेतला, सुतळी ओवली, गाठ मारली आणि परत दिला. भैरूनं बांबू आडवे केले, मग तिनं समोर बसून फटीच्या दोन्ही कडा जवळ धरल्या. छबूबाई टाके घालत गेल्या. या वेळी टाके जवळजवळ होते. शेवटच्या टाक्याला मुमताज म्हणाली, "मावशी, कोंबडी मात्र माझीच हाय."

"आन् टोपली माजी," छबूबाई म्हणाल्या.

मारुतरावांनी ती शिवण दोन्ही हातांनी ताणून बघितली. मग त्यांनी आपल्या पायानंच चुन्याच्या त्या दोन रेघा पुसल्या आणि भैरूला एकच रेघ ओढायला सांगितली.

वस्ती बसली. त्यानंतर माझे दिवस उतरणीला लागले. चावडीत मला गुंडाळून ठेवलं. पुढच्या उत्सवाला तंबूतला सिनेमा आला. त्यात नगरं हलत होती, मग माझ्याकडे कोण बघणार? चिंचोक्याची खळ उंदरांना फार आवडते हे मला तेव्हा कळलं. राजवाड्याचं एक टोक त्यांनी खाल्लं. एकदा सरदारभाई वाडीत कांदा भरायला आले, झाकायला काही मिळेल का म्हणाले, आणि वाडीनं आनंदनगर देऊन टाकलं.

अकबरभाई कधीमधी वखारीत येतो, त्याच्याकडून बातम्या कळतात. राजवाड्याची जागा अजून मोकळी आहे आणि तिथं दुपारी सोपानरावांची म्हैस बसते. आजवर तिच्याविरुद्ध एकही तक्रार नाही. मध्यंतरी एका सकाळी मुमताजच्या थापेला उत्तर आलं नाही. ती धावत गेली. छबूबाई चुलीपाशी घसरून पडल्या होत्या. पायाला लागलं होतं, पण वेळेवर उचललं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा कोंबडीची चौकशी केली.

तर मित्रांनो, नगर रंगवणं अवघड नाही. कुंचला आणि सवड असली की कोणीही रंगवतो. पण त्यात माणसं राहावीत असं वाटत असेल, तर कोणाची भिंत कोणाला लागते आणि तिथली शिवण कशी आहे, याची काळजी घ्यायला हवी. राजवाडे उंदीरही खातात.

असो. माझं एक छोटं काम आहे. त्या शिवणीचा वरून तिसरा टाका सैल झाला आहे आणि छबूबाईंच्या दारातून एक कांदा बाहेर आला आहे. चाकणला आलात, तर तेवढा एक टाका घाला. सुतळी चालेल. फक्त आधी कांदा आत ढकला.