बाबांच्या पायाचं माप

आमचे बाबा शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात आणि कुणी चुकून "कोणत्या शाळेत?" असं विचारलं, तर बाबांचा पारा चढतो. राग माझ्यातही त्यांचाच उतरलाय, फक्त मी तो लपवत नाही. मी दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर माणसं माझ्यापुढे आतून उघडी पडतात, त्यामुळे कशाने थक्क व्हायची माझी सवय मोडली होती. निदान मला तसं वाटत होतं.

बाबांची डिझेलची गाडी जुनी आहे, पण त्यांनी ती लग्नातल्या कोटासारखी जपली आहे. कापडाचे तागे आणणं, शिवलेले सूट पोचवणं, आईला बहिणीकडे सोडणं, सगळं तिच्यावरच. एकदा ऑइल बदलायला ती कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दिली आणि परत आल्यापासून तिचं बिनसलं. आमची गल्ली चढ चढून मोठ्या रस्त्याला लागते. तिथे बाबांनी क्लच सोडून पाय दाबला, की गाडी आचका द्यायची आणि बंद पडायची. मागून हॉर्न वाजायचे. बाबा घामाघूम होऊन खिडकीतून हात काढायचे आणि माफी मागायचे.

दुसरा कुणी असता तर त्याने गाडीला शिव्या घातल्या असत्या. बाबांनी दोष स्वतःच्या पायाला दिला.

"पाय गेला माझा," ते जेवताना म्हणाले. "किती दाबायचं ते त्याला कळेनासं झालंय."

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," आई म्हणाली. "या माणसाचं अंगणच वाकडं आहे आणि हा म्हणतोय, मला नाचता येत नाही."

आम्ही हसलो. बाबा हसले नाहीत. आणि मग ते दुखणं पायावरून हातावर आलं. पायाचा अंदाज चुकतो, तर हाताचा कशावरून चुकणार नाही? कापड एकदा कापलं की कापलं. बाबांनी मोठी कात्री कारागिराच्या हाती दिली आणि स्वतः कोपऱ्यात बसून काजं-बटणं करू लागले. गिऱ्हाइकाला सांगायचे, "हा कापेल, माझ्यापेक्षा छान कापतो." कारागीर बिचारा अवघडून जायचा. मी घरी रागवायचे, ओरडायचे, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. धडधाकट माणूस आमच्या डोळ्यांदेखत स्वतःला निवृत्त करत होता.

अशात एक बाई सुजलेलं मनगट घेऊन माझ्याकडे आली. हाताच्या रेघांत काळं ग्रीस होतं. मी फोनवर आईशी गाडीबद्दल बडबडत होते, ते तिने ऐकलं.

"कोणती गाडी?" तिने विचारलं. मी सांगितली.

"तिच्यात अपडेट टाकलंय," ती म्हणाली. "तुमच्या वडिलांना विचारलंही नसेल. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरचंच काम करते, मला सगळे मॅपवाली म्हणतात."

"हात हलवू नका," मी म्हणाले. "आता सांगा."

तिने सांगितलं ते असं. त्या गाड्यांना धुराच्या तपासणीची खोली ओळखता यायची. तिथे त्या साळसूदपणे श्वास सोडायच्या आणि रस्त्यावर आल्या की मोकाट सुटायच्या. कंपनीचं बिंग फुटलं, तेव्हा कंपनीनेच सगळ्या गाड्यांत नवं सॉफ्टवेअर ओतलं. धूर आवरला, पण काही गाड्या कमी वेगात लुळ्या पडल्या.

"घेऊन या," ती म्हणाली. "री-मॅप करू, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर परत घालून बघू."

हाड मोडलं नव्हतं. मीच जरा सावरले.

संध्याकाळी मी बाबांना घाईघाईत सांगितलं, "उद्या री-मॅप करायला जायचंय. तुमच्या पायाचा तो घोळ एकदाचा मिटवून टाकू." आता ज्या माणसाने गळ्यात टेप घालून जन्म काढला, त्याच्या कानाला 'मॅप' कसं ऐकू येणार? सकाळी बघते तर बाबा कडक इस्त्रीची पँट, नवे मोजे, भांग पाडून तयार.

"हे काय, लग्नाला निघालात?"

"माप द्यायला जाताना माणसाने नीटनेटकं जावं," बाबा म्हणाले. "मळक्या पँटीत गिऱ्हाईक आलं की मला कसं वाटतं, ठाऊक आहे?"

गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते. चढावर गाडीने माझ्या पायाखालीही आचका दिला, तर म्हणाले, "तुला सवय नाही हिची." पुढे रस्ता मोकळा झाल्यावर हळूच बोलले, "पायाचं माप बिघडलेलं निघालं तर किल्ली तुझ्याकडेच ठेव. मग दुकानाचंही काय ते ठरवू."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांना वाटत होतं, कुणीतरी त्यांच्या पायाचं माप घेणार आहे आणि आता निकाल लागणार आहे. मी हसू दाबून गिअर बदलला. निकालाला निघालेल्या माणसाला 'अहो, तो शब्द वेगळा' असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

मॅपवालीचं गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड होती, पण फरशी आमच्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ. एका पिंपावर लॅपटॉप होता. बाबा आत शिरले, चपला कडेला काढल्या आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"कुठून घेणार? कमरेपासून की गुडघ्यापासून?"

मॅपवालीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. बाई हुशार होती.

"तसं नाही, मास्तर. गाडीत बसा आणि नेहमीसारखा पाय ठेवा. मी इथून माप घेते."

तिने स्टिअरिंगखाली एक वायर जोडली. तिच्या सांगण्यावरून बाबा पाय हळूहळू दाबत गेले आणि स्क्रीनवर एक रेघ वर चढू लागली. ती कुठेही थरथरली नाही, अडखळली नाही. कुशीतल्या बाळाला थोपटावं तसा त्यांचा पाय चालला होता.

"पायाला काहीही झालेलं नाही," मॅपवाली म्हणाली.

"मग गाडी का बंद पडते?" बाबांचा विश्वास बसला नव्हता. मन राखायला डॉक्टरही असंच बोलतात, हे त्यांना माहीत होतं.

मग तिने गाडीच्या आतलं बाहेर काढलं. आधी नुसते आकडे होते, ओळींमागून ओळी. मग तिने एक बटण दाबलं आणि ते आकडे उठून उभे राहिले. स्क्रीनवर एक डोंगर तयार झाला. त्याला उतार होते, कडे होते, सपाटी होती.

"ही बाजू पायाची, किती दाबला त्याची. ही बाजू इंजिनाच्या वेगाची," ती समजावत होती. "आणि उंची म्हणजे त्या वेळी डिझेल किती द्यायचं ते. तुम्ही पाय हलवला की इंजिन या डोंगरावर आपली जागा शोधतं. पापणी लवायच्या आत कितीतरी वेळा. असे आणखी कितीतरी डोंगर आहेत आत, हवेचे, धुराचे."

मी बघत राहिले. हाडं मी रोज बघते, पण हाडं एका जागी असतात. इथे एका माणसाने घराबाहेर पडून उजवीकडे वळायचं ठरवलं की त्याचं ते ठरवणं डोंगरावर चालत होतं. आम्ही वर्षानुवर्षं या डोंगरावर बसून बाजारात जात होतो, भांडत होतो, डुलक्या घेत होतो, आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

बाबा खाली उतरून स्क्रीनजवळ आले. कापड उजेडात धरून बघतात तसं त्यांनी ते बघितलं. मग डोळे मिटले. त्यांचा उजवा पाय फरशीवर मोज्यातच जरासा दबला, सुटला, पुन्हा दबला, आणि हात आपसूक वर आला. डोळे उघडून त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी, काचेला न लावता, बोट धरलं.

"इथे. इथे झोल आहे."

मला तिथे काहीच दिसत नव्हतं. मॅपवालीने बाबांकडे बघितलं आणि त्याच जातीच्या गाडीचा जुना, अपडेट न झालेला डोंगर काढून या डोंगरावर पांघरला. दोन्ही जवळजवळ सगळीकडे जुळले. फक्त एका जागी नवा डोंगर खाली दबला होता आणि तिथे लाल डाग उमटला. बाबांचं बोट बरोबर त्या डागावर होतं.

जो पाय गेला म्हणून हा माणूस कोपऱ्यात बटणं लावत बसला होता, त्या पायाला हा आकड्यांचा खळगा इतके महिने ठाऊक होता! त्याने रोज तो चाचपला होता, रोज खरी बातमी आणली होती, आणि आम्ही त्यालाच खोटं ठरवलं होतं.

"झोलच आहे, मास्तर," मॅपवाली म्हणाली. "दोन्ही अर्थांनी."

"उसवून सोडता येईल?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता, दुकानातला झाला होता. "शिलाईच्या आत माया, जास्तीचं कापड, ठेवलं असेल तर येईल."

"त्यांनी आतलं जुनं पुसून टाकलंय, माया ठेवली नाही. पण हे जुनं माप आहे माझ्याकडे. घालते."

तिने बॅटरीला चार्जर लावला आणि आम्हाला दाराला हात लावू नका म्हणून बजावलं. मध्येच वीज कमी पडली तर गाडी कायमची मुकी होते म्हणे. मग समोरचे सगळे दिवे एकदम लागले आणि गेले. पुढचा पंखा घोंघावत सुटला. त्या वेळात गाडी गाडी नव्हती, तिला तिचं काहीच आठवत नव्हतं. बाबा बॉनेटवर तळहात ठेवून उभे होते. मी त्यांना आजारी माणसाशेजारी असं उभं राहिलेलं पाहिलं आहे.

ते संपल्यावर बाबा स्वतः गाडी चालवायला बसले. शेडच्या मागे चांगला उभा चढ होता. बाबांनी क्लच सोडला, आणि सुईत दोरा ओवावा तशी गाडी सरळ वर गेली. बाबांनी ती वळवून खाली आणली, पुन्हा वर नेली. चढाच्या मधोमध मुद्दाम थांबवली आणि पुन्हा सोडली. शेवटी वर जाऊन कडेला लावली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"मला वाटलं होतं, माझं संपलं," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

आम्ही खाली आलो, तेव्हा मॅपवाली एक नळी घेऊन उभी होती.

"हे दाखवल्याशिवाय मी कुणाला जुन्या मापावर सोडत नाही," असं म्हणून तिने नळी गाडीच्या मागच्या पाइपात घातली. "सकाळी तुम्ही आलात तेव्हा विषारी वायू मोजला होता, त्याचा आकडा हा. आताचा बघा."

आताच्यापुढे सकाळचा आकडा म्हणजे किस झाड की पत्ती. पाइपातून काळं काही दिसत नव्हतं, हवा अगदी निर्मळ वाटत होती. तेच तर वाईट.

"हा न दिसणारा वायू छातीत जातो," ती म्हणाली. "मागे जो उभा असेल त्याच्या. शिवाय तपासणीत धरली तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही. ठेवायचं की नाही, ते तुम्ही सांगा."

बाबा वाकून तो आकडा बघत राहिले.

"म्हणजे मला बसावा म्हणून दुसऱ्याच्या कापडातून चोरून काढलेला कोट," ते म्हणाले. "परत घाला ते नवीन."

माझा पारा चढला. "बाबा, वेड लागलंय का तुम्हाला? सकाळपासून कशासाठी आलोय आपण इथे? पुन्हा आचके, पुन्हा हॉर्न, पुन्हा तुमचं ते तोंड!"

"आपण कशाला आलोय ते तुला नीट कळलंच नाही," बाबा शांतपणे म्हणाले. "मी माप द्यायला आलो होतो. दिलं. बरोबर निघालं."

मॅपवाली पुन्हा चार्जर लावायला गेली. मी तोंड वळवून उभी राहिले, कारण डोळ्यांना धार लागली होती आणि तिच्यासमोर मला शोभा करून घ्यायची नव्हती.

परतताना किल्ली मी मागितलीच नाही. मोठ्या चढावर, सगळ्यांत गर्दीच्या जागी, गाडीने आचका दिला आणि बंद पडली. मागच्याने लगेच हॉर्नवर हात ठेवला. बाबांनी काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अहो, दम धरा जरा! ही अडखळलीये! मी नाही!"