तीन सेकंद

प्रोजेक्ट मॅनेजरांच्या भाषणवर्गात सरांनी शिकवलं होतं, की महत्त्वाचं वाक्य बोललं की तीन सेकंद गप्प राहायचं, म्हणजे ते ऐकणाऱ्याच्या मनात उतरतं. पंधरा दिवस मी ओट्यापाशी उभी राहून सासूबाईंना माझं प्रेझेंटेशन ऐकवत होते. त्या भाजी निवडता निवडता घड्याळ बघायच्या. "घाई केलीस गं, दोनच झाले," म्हणायच्या.

नव्या रुग्णालयाचं बांधकाम दोन वर्षं मीच सांभाळलं होतं. पुढचा टप्पा कोणाकडे द्यायचा, हे त्या प्रेझेंटेशनच्या बैठकीत ठरणार होतं.

"आम्ही हे काम दोन महिने आधी संपवलं," बैठकीत मी म्हटलं आणि शिकवल्याप्रमाणे थांबले.

दुसऱ्याच सेकंदाला शेजारच्या विभागाचा मॅनेजर उठला. त्याला आम्ही रेडिओ म्हणतो. साइटवर तो जेमतेम दोनदा फिरकला होता. "ते कसं जमलं, मी सांगतो," म्हणाला आणि माझ्याच स्लाइडांवर वीस मिनिटं बोलला. टाळ्या पडल्या. पुढचा टप्पाही त्याच्याच पदरात पडला.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "थांबलीस ना नीट?"

"अजून थांबलेच आहे, आई," म्हटलं आणि चपला काढल्या.